जुनी इंग्रजी चांदी दाखवायला आणण्यापूर्वी

फडताळात सापडलेला आजोबांच्या काळातील चमचा असो किंवा चोर बाजारातून हौसेने घेतलेली चहादाणी असो, आमच्याकडे दाखवायला आणताना बहुतेक ग्राहक वस्तू आधी चकचकीत करून आणतात. त्यामागील भावना आम्हांला समजते, कारण देवाची उपकरणीही आपण सणाआधी घासतोच. परंतु जॉर्जकालीन, म्हणजे १७१४ ते १८३० मधील, आणि त्याहून जुन्या इंग्रजी चांदीचे सर्वाधिक नुकसान याच सवयीने होते. म्हणून ही लेखी विनंती: वस्तू काळवंडलेली असेल तर तशीच आणावी.

या चांदीवर शुद्धता दाखवणारा ९२५ हा आकडा शोधू नये. त्या काळी तो मारत नसत. शुद्धतेची खूण म्हणजे १५४४ पासून वापरात असलेला चालता सिंह. (१६९७ ते १७२० या काळात अधिक शुद्ध चांदी सक्तीची होती, तेव्हा त्याऐवजी ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक मानलेल्या स्त्रीची, बसलेली आकृती दिसते.) त्याच्या शेजारी शहराची खूण, कारागिराची आद्याक्षरे आणि वर्षाचे अक्षर असते, तर १ डिसेंबर १७८४ पासून कर भरल्याची निशाणी म्हणून राजाचे मस्तकही येते. आता लंडनच्या ठशांत लहान लिपीतील ‘ए’ (a) हे वर्षाचे अक्षर १७७६ सालीही आहे आणि १८१६ सालीही. राजाचे मस्तक स्पष्ट दिसले, तर वस्तू १८१६ ची हे दोन मिनिटांत सांगता येते. मात्र यंत्रावरच्या पॉलिशने ठसे गुळगुळीत झाले असतील, तर अक्षराभोवतीच्या चौकटीचा आकार आणि कारागिराची खूण नोंदींशी ताडून पाहण्यात आमचा आठवडा जातो, आणि तरीही चाळीस वर्षांचा प्रश्न कधी कधी सुटत नाही. सुमारे १७८० पर्यंतच्या चमच्यांवर ठसे दांडीच्या निमुळत्या भागावर, वाटीजवळ असत. तिथे ते मुळातच दबलेले असल्याने रांगोळी किंवा टूथपेस्टने वर्षानुवर्षे घासणेही त्यांना सोसत नाही.

आमच्या कपाटातील वस्तू लखलखीत का नाहीत आणि त्यांची किंमत त्या दिवशीच्या चांदीच्या भावाहून इतकी अधिक का, असे वारंवार विचारले जाते. लंडनच्या चांदी-कारागीर हेस्टर बेटमन यांनी १७६१ मध्ये नोंदवलेली वळणदार ‘एच बी’ ही खूण ज्या चमच्यावर नीट वाचता येते, त्याची किंमत वजनावर ठरत नाही; तीच खूण पुसली गेली, की सराफ तो मोडीच्या भावाने घेतो. त्यामुळे आम्ही वस्तू केवळ कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड यांनी स्वच्छ करतो, आणि खोलगट भागातील काळेपणा मुद्दाम राहू देतो, कारण ठसा आणि कोरीवकाम त्यामुळेच उठून दिसते.

वस्तू आणताना मलमलीत गुंडाळावी आणि रबरबँड लावू नये, कारण त्यातील गंधकाने चांदी काळी पडते. भिंगाखाली ठसे आपल्यासमोर वाचून दाखवण्याचे शुल्क आम्ही घेत नाही. आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक वस्तूसोबत मात्र ठशांचा संपूर्ण तपशील लिहून, सही करून देतो.