जुळ्या कोकरांचा जनुक आणि फलटणची मेंढी

सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे २०२० साली माडग्याळ जातीच्या एका नराला ७० लाख रुपयांची मागणी आल्याची बातमी देशभर छापून आली होती. बाकदार नाक, उंच पाय आणि भरदार छाती असलेला तो नर देखणा होता यात शंका नाही. पण अशा बातम्या वाचल्या की वीस-पंचवीस मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबाला पैदाशीचा उत्तम नर म्हणजे असाच दिसणारा नर असे वाटू लागते आणि तेथे हिशेब चुकतो. या कुटुंबाची मिळकत वर्षाला किती कोकरे जगली आणि विक्रीच्या वेळी त्यांचे वजन किती भरले, यावर उभी असते. पश्चिम महाराष्ट्रातील दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. मेंढीला वर्षभर लागणारा चारा, औषधे आणि राखणीचे श्रम मात्र एका कोकरासाठी आणि दोन कोकरांसाठी जवळपास सारखेच असतात. म्हणून कोकरांच्या संख्येचा प्रश्न नाकाच्या बाकापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

या संख्येबाबत एक समज सर्वत्र आढळतो: नर जोमदार असला की मेंढ्यांना जुळी होतात. वस्तुतः एका वेताला किती कोकरे होणार, याची वरची मर्यादा मेंढीच्या अंडाशयातून त्या माजात किती अंडपेशी बाहेर पडल्या, यावर ठरते. नराकडून कोट्यवधी शुक्रपेशी येतात. त्याने एका अंडपेशीच्या दोन होत नाहीत. मेंढ्यांमधील जुळी कोकरे जवळजवळ नेहमीच दोन वेगळ्या अंडपेशींपासून होतात. नराचे योगदान मोठे आहे, पण ते त्याच्या मुलींमधून, म्हणजे पुढच्या पिढीत दिसते.

मग बहुतेक मेंढ्यांच्या अंडाशयातून एकच अंडपेशी का सुटते? अंडाशयात असंख्य पुटिका असतात आणि प्रत्येकीत एक अंडपेशी असते. माजाच्या आधी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून पुटिका ग्रंथी संप्रेरक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने काही पुटिका एकदमच वाढू लागतात. त्यांपैकी जी थोडी पुढे जाते, तिच्यातील पेशी इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन ही संप्रेरके अधिकाधिक प्रमाणात बनवतात. ही दोन्ही रक्तातून पियुषिकेपर्यंत पोहोचतात आणि पुटिका ग्रंथी संप्रेरकाचा पुरवठा कमी करायला लावतात. मागे राहिलेल्या पुटिका त्या पुरवठ्यावरच अवलंबून असल्यामुळे कोमेजून नष्ट होतात. पुढे गेलेल्या पुटिकेने मात्र तोवर आपल्या पेशींवर पियुषिकेच्याच दुसऱ्या, पीतपिंडकारी संप्रेरकाचे ग्राही (म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिने) तयार केलेले असतात, म्हणून तुटवड्यातही ती तग धरते आणि अखेर तिच्यातूनच अंडपेशी बाहेर पडते. निवडीची ही पद्धत मला जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर योजनांपैकी एक वाटते, कारण येथे पुटिका मोजणारी कोणतीही यंत्रणा नाही; अंडाशयातून मेंदूकडे जाणाऱ्या संप्रेरकांची एकूण पातळीच सारा निर्णय करते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, कूमा गावाजवळच्या ‘बूरूला’ नावाच्या मळ्यावर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप होता. त्यातील मेंढ्या तीन, चार, कधी पाच कोकरे देत असत. १९८२ साली संशोधकांनी दाखवून दिले की हा गुण अनेक लहान-लहान जनुकांच्या बेरजेतून आलेला नसून एकाच प्रभावी जनुकाचा परिणाम आहे. त्याला ‘फेक-बी’ हे नाव मिळाले. २००१ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी त्याचा नेमका पत्ता शोधला: मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील, ‘बीएमपीआर-१बी’ या ग्राही प्रथिनाच्या जनुकात ७४६ व्या जागी ॲडेनिन या डीएनएच्या अक्षराऐवजी ग्वानिन हे अक्षर आलेले होते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल बसते. हा ग्राही पुटिकेतील पेशींच्या पृष्ठभागावर असतो आणि वाढ व परिपक्वता यांचे संदेश आत पोहोचवतो. त्यात हा एक बदल झाला की पुटिका लहान आकाराची असतानाच, कमी पेशींनिशी, परिपक्व होते. लहान पुटिका इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन कमी बनवते, त्यामुळे पियुषिकेला ‘आता पुरे’ हा संदेश एका पुटिकेकडून पुरेसा जात नाही. दोन, तीन किंवा अधिक पुटिकांचे उत्पादन एकत्र आल्यावर तो जातो आणि तोवर त्या सर्वच पुटिका तग धरण्याइतक्या पक्व झालेल्या असतात. बूरूला मेरिनोत या जनुकाची एक प्रत (आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली) असलेली मेंढी साधारणपणे तीन-चार आणि दोन प्रती (दोघांकडून आलेल्या) असलेली पाच किंवा अधिक अंडपेशी सोडते. दख्खनी रक्ताच्या मेंढीत परिणाम सौम्य असतो: एक प्रत असलेल्या मेंढीत बहुधा एकाऐवजी दोन. लहान शेतकऱ्याला याहून अधिक नकोच असते.

ऑस्ट्रेलियात हा जनुक आला कोठून, याचा माग बंगालपर्यंत जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने काही मेंढ्या तेथे नेल्या गेल्या होत्या. सुंदरबनाच्या दलदलीत चरणारी गारोल ही मेंढी त्यांच्या वंशाची मानली जाते, आणि डीएनए तपासणीत गारोलमध्ये अगदी तोच बदल सापडला. गारोल मेंढी जेमतेम दहा-पंधरा किलोंची असते, पण दोन-तीन कोकरे सहज देते.

सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘नारी’) १९९० च्या दशकात या गारोलचा दख्खनीच्या लोणंद प्रकाराशी संकर सुरू केला. पुढे डीएनए चाचणीच्या कामी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबत आली. अडचण उघड होती. पहिल्या संकरात जनुक येतो, पण अर्धे रक्त गारोलचे असल्यामुळे शरीर लहान होते. म्हणून संकरित पिढी पुन्हा दख्खनीशी जुळवायची. अशा प्रत्येक फेरीत गारोलचा वाटा निम्मा होतो, अर्ध्याचा पाव आणि पावाचा आठवा हिस्सा; पण फेक-बी मिळालेली कोकरेही निम्मीच असतात. ती ओळखायची कशी? मादी विण्याची वाट पाहता येईल, पण नराला अंडाशय नसल्याने त्याच्या अंगावर या जनुकाची कोणतीही खूण नसते. नाक, रंग, शिंगे, कपाळावरचा ठिपका, यांपैकी कशानेही तो ओळखता येत नाही. रक्ताचा थेंबभर नमुना घेऊन केलेली डीएनए चाचणीच तो दाखवते. या मार्गाने ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. दोन्ही प्रती असलेला नर साध्या दख्खनी मेंढ्यांच्या कळपात सोडला, तर त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत नक्की मिळते. एकच प्रत असलेल्या नराच्या मुलींपैकी सरासरी निम्म्यांना मिळते. विकत घेताना विचारायचा प्रश्न म्हणून हाच आहे: चाचणीचा दाखला आहे का, आणि प्रती किती?

जुळी जन्मली म्हणजे जगली असे मात्र नाही. गर्भाची बहुतेक वाढ गाभणपणाच्या अखेरच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात दोन गर्भ पोसणाऱ्या मेंढीला खुराक वाढवून दिला नाही, तर कोकरे अशक्त निपजतात आणि आईही आजारी पडते. मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून जन्मल्यावर पहिल्या काही तासांत दोन्ही कोकरांना पोटभर चीक मिळणे अनिवार्य असते. चाऱ्याच्या शोधात महिनोन्‌महिने चालणाऱ्या, वाघर (जाळ्याचे कुंपण) लावून रोज नव्या शेतात मुक्काम करणाऱ्या मोठ्या कळपात इतकी देखभाल कठीण जाते. घराजवळ बांधून-चारून पाळलेल्या लहान कळपात ती शक्य असते, आणि म्हणून हा जनुक कुटुंबाच्या शेताला विशेष मानवतो.

येथेच एका घातक समजुतीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. कळपातील सर्वांत गुटगुटीत कोकरू संध्याकाळपर्यंत उड्या मारते आणि सकाळी मेलेले आढळते, तेव्हा त्याला दृष्ट लागली असे म्हणतात आणि उरलेल्यांच्या गळ्यात काळा दोरा बांधतात. बहुतेक वेळा हा आंत्रविषार असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जीवाणू आतड्यात मुळातच असतो. भरपूर दूध, धान्य किंवा कोवळे गवत मिळाले की तो झपाट्याने वाढून विष तयार करतो. उत्तम खाणारे कोकरू आधी मरते ते याच कारणाने. त्यावर स्वस्त आणि परिणामकारक लस आहे. दोऱ्यावर विसंबून लस न टोचणे म्हणजे कळपातील सर्वोत्तम रक्त स्वतःच्या हाताने गमावणे होय.

पैदाशीसाठी नर राखण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीतही एक दोष दडलेला आहे. एकटे वाढलेले कोकरू आईचे सारे दूध पिते, म्हणून तीन महिन्यांचे होते तेव्हा जुळ्यातील कोकरापेक्षा ते जड भरते. मेंढपाळ कळपातील सर्वांत जड नर ठेवतो आणि बाकीचे विकतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तो नकळत एकट्या जन्मलेल्यांनाच निवडतो आणि जुळ्यांचा जनुक बाजारात पाठवतो. यावर उपाय म्हणजे जन्माच्या दिवशीच कानात बिल्ला मारून आईचा व बापाचा क्रमांक, जन्मतारीख आणि एकटे की जुळे एवढी नोंद वहीत करणे, आणि वजनाची तुलना जुळ्याची जुळ्याशी व एकट्याची एकट्याशी करणे. त्याच वहीवरून कोणता नर कोणत्या मेंढ्यांचा बाप आहे हेही कळते, त्यामुळे बाप आणि मुलीचा संयोग टाळण्यासाठी त्या मुली माजावर येण्याआधी नर बदलता येतो.