गाडीच्या बोर्डवरचा सिरॅमिक कपॅसिटर नेमका तडकतो कुठे?

एअरबॅगचा किंवा इंजिन कंट्रोलचा बोर्ड उघडला की काळ्या आयसींच्या आजूबाजूला तपकिरी रंगाचे बारीक तुकडे सोल्डर केलेले दिसतात, ते सिरॅमिक कपॅसिटर, आणि एका आधुनिक गाडीत ते हजारोंनी असतात. नेहमीचा एक साइज म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, पण एवढ्याशा जागेत बेरियम टायटॅनेट आणि निकेलचे कितीतरी थर, कधीकधी शेकडो, एकाआड एक रचून हजार डिग्रीच्या वर भाजलेले असतात. काम एकच, व्होल्टेज हललं की चार्ज देऊन-घेऊन ते सावरायचं.

गाडीत उष्णता असतेच, त्यासाठी एक्स७आर प्रकार आहे, उणे ५५ ते १२५ डिग्रीत त्याचा कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, १५ टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही. पण हा आकडा फक्त तापमानाचा हं, वरून डीसी व्होल्टेज लावलं की कपॅसिटन्स निम्म्याच्याही खाली जाऊ शकतो, हे डेटाशीटच्या ग्राफमध्ये बघायलाच हवं.

माझ्या मते उष्णतेपेक्षा वाईट म्हणजे बोर्डचं वाकणं. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं पण ताण सोसत नाही, आणि मोठ्या पॅनलमधून बोर्ड तोडताना, स्क्रू आवळताना, कनेक्टर जोरात दाबताना बोर्ड थोडा तरी वाकतोच. मग तडा जातो तो खालून, सोल्डर जिथे संपतं तिथून सुरू होऊन तिरका आत, त्यामुळे वरून काही दिसत नाही, टेस्टिंगमध्येही तो पीस बऱ्याचदा पास होऊन जातो. पुढे त्या फटीत ओलावा शिरतो, शेजारच्या प्लस-मायनस थरांमध्ये करंट झिरपायला लागतो आणि एक दिवस सरळ शॉर्ट. कपॅसिटर थेट बॅटरी लाइनवर असेल तर बॅटरी वाट्टेल तेवढा करंट ओतते आणि बोर्ड जळतो.

म्हणून एईसी-क्यू२०० या गाड्यांच्या पार्ट्ससाठीच्या स्टँडर्डच्या टेस्टमध्ये बोर्ड मुद्दाम वाकवतात, एक्स७आरसारख्यांना किमान २ मिलिमीटर. सॉफ्ट टर्मिनेशनवाले, म्हणजे लवचीक टोकांचे कपॅसिटर ५ मिलिमीटरपर्यंत टिकतात, कारण टोकाला चांदी मिसळलेल्या रेझिनचा थर असतो, वाकल्यावर तो सुटतो आणि सिरॅमिक वाचतं. बॅटरी लाइनवर तर बरेच डिझायनर दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, एकमेकांना काटकोनात लावतात, म्हणजे एकाच दिशेच्या वाकण्याने दोन्ही तडकायची शक्यता कमी होते आणि एक शॉर्ट झाला तरी दुसरा लाइन धरून ठेवतो, फक्त सिरीजमुळे कपॅसिटन्स निम्मा होतो तो हिशेबात धरावा लागतो.