मेची धूळ, जुलैचं पाणी

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या एका रात्री, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी, आईच्या उशीवर टपटप पाणी पडू लागलं. छत गळतंय असं वाटून दिवा लावला, तर पाणी भिंतीवरच्या एसीतून येत होतं. मार्चमध्ये त्याचं सर्व्हिसिंग झालं होतं आणि मे-जूनच्या उकाड्यात त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने झाकण काढून आतला ड्रेन ट्रे दाखवला. त्यात तांबूस-काळा, बुळबुळीत गाळ साचला होता आणि पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड त्याने पुरतं बुजलं होतं. ‘‘ये सब आंधी की मिट्टी है, दीदी,’’ तो म्हणाला.

मेमधल्या आंधीची माती जुलैत का छळते, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घोळत राहिलं. उत्तर एसीच्या कामातच दडलेलं आहे.

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांच्यावर कागदासारख्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. हीच कॉइल. नळ्यांमधलं रेफ्रिजरंट, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतो ते, इथे द्रवाचं वायू होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेकडून घेतं. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, ते तापतं, आणि बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होतं.

कॉइलचं दुसरं काम हवा कोरडी करण्याचं. हवेतली वाफ गार कॉइलवर दवासारखी धरते, खालच्या ट्रेमध्ये ठिबकते आणि नळीतून बाहेर जाते. खरं तर आधुनिक एसीचा जन्मच या कामासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, कारण तिथल्या दमट हवेत कागद फुगायचा-आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. माणसांना गार वाटावं, हा त्यातला हेतूच नव्हता.

आता ग्वाल्हेरचा उन्हाळा पाहा. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, पण लू इतकी कोरडी असते की कॉइलवर फारसं दव धरतच नाही. नळीतून थेंब-दोन थेंब आले तर आले. म्हणून तर आमच्या आजीच्या काळी खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारलं की दुपार निभायची, आणि आजही मेमध्ये कूलर झकास चालतो. जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक करतो, कारण हवा आधीच ओलीचिंब असते. तिथे एसीच लागतो. मी एकदा रात्री नळीखाली १५ लिटरची बादली ठेवली, सकाळी ती अर्ध्याहून जास्त भरली होती. वाफेचं एक लिटर पाणी होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता सुटते. तेवढंच पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी लागते, तिच्या जवळजवळ सातपट! ही सगळी उष्णता यंत्राला बाहेर वाहून न्यावी लागते. जुलैत एसी ‘पहिल्यासारखा गार करत नाही’ असं वाटतं, त्याचं एक कारण हे.

तेव्हा आमच्या ट्रेमध्ये काय झालं असेल ते उघड आहे. आंधीची बारीक धूळ फिल्टरमधून निसटून कोरड्या कॉइलवर बसत राहिली. पाऊस आला, कॉइल ओली झाली, धुळीचा चिखल होऊन खाली उतरला. ओल्या, अंधाऱ्या जागी त्यावर बुरशी धरली आणि नळी तुंबली.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे मार्चचं एक सर्व्हिसिंग पुरत नाही. दुसरं हवं ते आंध्या ओसरल्यावर आणि पाऊस लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात. त्यात कॉइल, ट्रे आणि नळी धुऊन घ्यायची. पट्ट्यांवर तारेचा ब्रश चालवू देऊ नका. त्या एकदा वाकल्या की तिथून हवा जात नाही.

फिल्टर मात्र मेकॅनिकची वाट पाहत ठेवायचा नाही. आंधीच्या दिवसांत मी दर आठवड्याला तो काढून नळाखाली धरते. पहिलं पाणी चहासारखं निघतं. सावलीत वाळवून परत बसवायचा, दहा मिनिटांचं काम. फिल्टर चोंदला की कॉइलवरून हवा कमी वाहते, कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने हवा आणखी अडते. असं दिसलं तर एसी बंद करून नुसता पंखा मोड चालू ठेवा, बर्फ खरवडू नका.

गच्चीवरच्या युनिटची व्यथा वेगळी. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे ४५ अंशांच्या हवेत उष्णता सोडायची, तर आतल्या वायूला त्याहून बरंच तापावं लागतं. त्यात पट्ट्यांवर धुळीचा थर किंवा मागे कबुतराचं घरटं असेल तर दाब वाढतो, वीज जास्त जाते, आणि भर दुपारी कॉम्प्रेसर बंद पडतो. एमसीबी पाडून, म्हणजे एसीची वीज तोडून, साध्या पाइपने, हलक्या धारेने धुतलं तरी पुरतं. उन्हापासून वाचवायला वर ताडपत्री बांधतात, त्याने हवाच कोंडते. सावली करायचीच तर उंचावर, चारी बाजू मोकळ्या ठेवून. झाकण उघडायचं काम मात्र मेकॅनिकचंच. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, वीज बंद केल्यावरही विजेचा भार राहतो.

आणि गॅसबद्दल. एका वर्षी एका मेकॅनिकने काही न तपासता ‘गॅस कमी झालाय’ म्हणून भरून दिला, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पण रेफ्रिजरंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही, बंद नळ्यांत तेच फिरत राहतं. कमी झालं असेल तर कुठेतरी गळतंय, आणि ती गळती शोधून बुजवल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. हल्लीच्या एसीतलं आर-३२ हे रेफ्रिजरंट थोडं ज्वलनशीलही आहे. आम्ही तिसऱ्या खेपेला अडून बसलो, साबणाच्या पाण्याने सांधे तपासायला लावले, तेव्हा बाहेरच्या युनिटजवळच्या एका नटाशी बारीक बुडबुडे फुगताना दिसले. नळीचं तोंड नव्याने करून नट पक्का बसवला, मगच गॅस भरला. त्यानंतर भरावा लागलेला नाही.