निर्वासितांसाठी चित्रविक्री: सांगलीचा काय संबंध?

सांगलीत काही पोरं-पोरी मिळून निर्वासितांच्या मदतीसाठी चित्रांचं प्रदर्शन आणि विक्री लावतायत. त्यावर सगळीकडं पहिला प्रश्न हाच येतोय की बाबांनो, निर्वासित कुठले आणि सांगली कुठली, आपल्याकडं काय प्रश्न कमी आहेत का. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, मिरजेहून कोल्हापूरच्या पॅसेंजरला बसलं की पुरे.

रुकडी गेल्यावर वळिवडे लागतं. 1943 ते 1948 इथं पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, साधारण 5,000 माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. 1940 मध्ये रशियानं यांना घरातून उचलून सैबेरिया नि कझाकस्तानात नेऊन टाकलेलं, पुढं 1941 ला सुटका झाली, मग उपाशी-आजारी लोक इराणमार्गे निघाले आणि त्यातले काही थेट आपल्या पंचगंगेच्या काठी येऊन राहिले. कोल्हापूरला जाणारी रेल्वे मिरजेवरूनच जाते, म्हणजे ही माणसं आपल्या जंक्शनवरूनच गेलीत. तब्येत ढासळलेल्या मुलांसाठी सातारा जिल्ह्यात पाचगणीलाही सोय होती. वळिवड्यात त्यांनी शाळा काढल्या, चर्च केलं, नाटकं बसवली, गाणी-नाच चालू ठेवले. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, सगळं गेलेलं असताना माणसं नाटक बसवतात! कोल्हापुरात त्यांची दफनभूमी आणि महावीर गार्डनमधलं स्मारक अजून आहे, कधी गेलात तर थांबून बघा.

पोलिश लोक गेले आणि त्याच जागेवर फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसवले गेले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याकडची निम्मी घरं जिथं जातात ते मार्केट निर्वासितांनी उभं केलंय, हे किती जणांना माहीत असतं?

आता मदतीसाठी कला, हे तरी नवीन कुठाय. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची इथंच सुरुवात केली. सांगलीच्याच खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग 8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून केला, तोही स्वातंत्र्य चळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी, एरवी हे दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी. मदतीचा प्रयोग म्हटलं की आजही आपल्याकडं कुणी कलाकार सहसा नाही म्हणत नाही, त्याची मुळं इथं आहेत.

चित्रांचं बघायचं तर लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत जानेवारी 1939 मध्ये पिकासोचं गेर्निका, म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यावरचं चित्र लागलं होतं. तिथं तिकिटाच्या जागी काय घेतलं, तर चांगल्या अवस्थेतला बुटांचा जोड, स्पेनला पाठवायला. गॅलरीत भल्यामोठ्या चित्राखाली कामगारांनी आणून ठेवलेल्या बुटांची रांग, डोळ्यासमोर आणून बघा. त्याच वर्षी मे महिन्यात ते चित्र न्यूयॉर्कला गेलं, तेव्हा पैसे स्पॅनिश निर्वासितांसाठी जमवले.

मग 1971. बांगलादेशातून साधारण 1 कोटी माणसं भारतात आली. 1 ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि बीटल्सवाला जॉर्ज हॅरिसन यांनी या निर्वासितांसाठी एकाच दिवशी दोन शो केले, 40,000 च्या आसपास लोक आले आणि तिकिटांचे सुमारे 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफला गेले. आणि इकडं आपण काय केलं तर 15 नोव्हेंबरपासून पत्रावर 5 पैशांचं जादा तिकीट लावायची सक्ती झाली, आधी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच रेफ्युजी रिलीफ असं छापून चालवलं, नंतर निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट आलं. हे मार्च 1973 पर्यंत चाललं, म्हणजे 72 च्या दुष्काळात सांगली-साताऱ्यातली माणसं खडी फोडत होती तेव्हासुद्धा इथून जाणाऱ्या पत्रावर ते 5 पैसे होतेच. आपल्याकडं प्रश्न कमी आहेत का, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

अजून एक बाजू राहते. हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर ही माणसं रझा, आरा, हुसेन या चित्रकारांच्या मागं उभी राहिली, कुणी शिकवलं, कुणी पेपरात लिहिलं, कुणी चित्रं विकत घेतली. याच चित्रकारांचा 1947 चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप आपण अभिमानानं सांगतो, त्याला हात देणारे हे असे बाहेरून आलेले लोक होते.

आताच्या ग्रुपचं म्हणाल तर यातले बरेच जण ऑगस्ट 2019 च्या पुरात तयार झालेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, घरं पाण्यात, माणसं शाळांमधून आणि कार्यालयांमधून राहिली आणि कुठून कुठून अनोळखी लोकांचे ट्रक आले. तेव्हा ट्रक उतरवून घेणारी पोरं आज चित्रं गोळा करतायत, चित्रकलेचे शिक्षक आणि विद्यार्थी आपली कामं फुकट देतायत, फ्रेमचा खर्च ग्रुप वर्गणीतून करतोय म्हणजे विक्रीच्या पैशाला हात लागणार नाही. पैसे यूएनएचसीआरला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेला जाणार, त्यांचं काम भारतात 1981 पासून चालू आहे. प्रत्येक चित्राची पावती मिळणार आणि एकूण रक्कम शेवटच्या दिवशी हॉलच्या दारातच लिहून लावणार.