प्रेसनोट वाटायचा धंदा : अटलांटिक सिटीच्या अपघातापासून आपल्या नौपाडा-वाशीपर्यंत

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत कुणी नवीन क्लिनिक काढलं, क्लासेस सुरू केले, घरगुती मसाल्यांचा छोटासा ब्रँड काढला आणि त्याचं नाव-नंबर गुगलवर टाकलं की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. सर, तुमची प्रेस रिलीज, म्हणजे आपली प्रेसनोटच, आम्ही शंभर-दोनशे न्यूज साइटवर टाकून देतो, मॅडम, मोठ्या पोर्टलवर तुमचं नाव येईल, फक्त एवढे हजार. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच छोट्या धंदेवाल्यांनी हे पॅकेज घेतलंय आणि बहुतेकांना आपण नक्की काय विकत घेतलं ते नीट सांगता येत नाही. म्हणून म्हटलं हा प्रकार मुळात कुठून आला ते एकदा सविस्तर लिहूया, कारण मागचं माहीत असलं की समोरचा काय विकतोय ते लगेच कळतं.

सुरुवात होते अमेरिकेत, १९०६ साली. पेपरवाल्यांच्या मागे लागून नाव छापून आणणारी माणसं त्याआधीही होती, सर्कसवाले आणि नाटक कंपन्या तर ते कधीपासून करत होत्या, आणि १९०० मध्ये बोस्टनला पैसे घेऊन हेच काम करणारी एक एजन्सीसुद्धा निघाली होती. पण २८ ऑक्टोबर १९०६ ला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीची इलेक्ट्रिक ट्रेन पुलावरून खाली पाण्यात गेली, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळात रेल्वे कंपन्यांची रीत अशी की अपघात झाला की तोंड बंद, पत्रकाराला जवळ फिरकू द्यायचं नाही. या कंपनीचं काम आयव्ही ली नावाचा माणूस बघत होता, तो स्वतः आधी पत्रकार होता. त्याने उलटं केलं, काय झालं ते कंपनीकडून कागदावर लिहून घेतलं, पत्रकारांना वाटलं, वर त्यांना घटनास्थळी न्यायची सोयसुद्धा केली. न्यूयॉर्क टाइम्सने तो मजकूर ३० ऑक्टोबरला जसाच्या तसा छापला. पहिली प्रेस रिलीज म्हणून सगळीकडे हीच सांगतात.

मला मात्र त्याच वर्षीचा लीचा दुसरा कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. कोळसा खाणमालकांचं काम करताना त्याने संपादकांना एक निवेदन पाठवलं होतं, त्यात म्हटलंय की आमचं काम उघड्यावर चालतं, आम्ही बातमी पुरवतो, आम्ही जाहिरात एजन्सी नाही, आणि आमचा एखादा मजकूर तुमच्या जाहिरात खात्यात जायला हवा असं तुम्हाला वाटलं तर तो वापरू नका. म्हणजे छापायचं की नाही हे शेवटी संपादक ठरवणार, पाठवणाऱ्याने फक्त खरी माहिती वेळेवर हातात द्यायची. प्रेस रिलीजला जी काही किंमत आली ती यामुळे आली, मधे एक माणूस बसलाय आणि तो नाही म्हणू शकतो. ली स्वतः हे कायम पाळत बसला असंही नाही, १९१४ मध्ये लडलोला खाण कामगारांचं हत्याकांड झालं त्यानंतर खाणमालक रॉकफेलरांच्या बाजूने त्याने जी पत्रकं काढली त्यात चुकीची माहिती होती आणि त्याबद्दल त्याला भरपूर शिव्या बसल्या. पण पद्धत पडली ती पडलीच.

पुढचा टप्पा वाटपाचा. आधी मजकूर पोस्टाने नाहीतर माणूस पाठवून पोचवायचे, एकाच दिवशी सगळ्या पेपरांत मिळेलच याची खात्री नाही. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला हर्बर्ट मशेलने पीआर न्यूजवायर काढली, पेपरांच्या ऑफिसात टेलिप्रिंटर बसवले आणि कंपन्यांच्या रिलीज थेट तिथे छापून यायला लागल्या. १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लॉरी लोकीने बिझनेस वायर सुरू केली. इथे पैशाची दिशा बघा. आपली पीटीआय, म्हणजे १९४७ ला नोंदणी होऊन १९४९ पासून काम करायला लागलेली वृत्तसंस्था, तिच्या बातम्यांचे पैसे पेपर देतात, कारण बातमी तिचे पत्रकार आणतात. या वायर कंपन्यांत पैसे देतो तो मजकूर पाठवणारा, पेपरला फुकट. दिसायला दोन्ही टेलिप्रिंटरच, एका सुरात टकटक करणारे, पण हिशोब पूर्ण उलटा.

आणि हे सगळं कुणासाठी बनवलं होतं, तर मुख्यतः शेअर बाजारात लिस्ट झालेल्या कंपन्यांसाठी. तिमाहीचे आकडे, कंपनी विकत घेतल्याची बातमी, नवा एमडी, हे सगळ्या गुंतवणूकदारांना एकाच वेळी कळायला पाहिजे, एकाला आधी कळलं तर तो आधी शेअर विकून मोकळा होणार. या माहितीची किंमत किती, तर २०१५ मध्ये अमेरिकेच्या सेबीने, म्हणजे तिथल्या एसईसीने, ३२ जणांवर केस टाकली, हॅकर लोकांनी वायर कंपन्यांचे सर्व्हर फोडून जाहीर व्हायच्या आधीच्या रिलीज चोरल्या आणि त्यावर सौदे करून १० कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले असा आरोप होता. एवढी मोठी गरज होती म्हणून एवढी मोठी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे तर लिस्टेड कंपनीला सुद्धा आधी शेअर बाजाराला कळवावं लागतं. मग राम मारुती रोडवरच्या साड्यांच्या दुकानाला किंवा नेरूळच्या फिजिओथेरपी सेंटरला तीच यंत्रणा काय कामाची, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

आता आपल्याकडे येतो. ठाणं छापखान्याच्या बाबतीत मागे कधीच नव्हतं. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली हे सगळ्यांना पाठ आहे, पण १८६६ ला ठाण्यातून ‘अरुणोदय’ नावाचं मराठी साप्ताहिक निघायला लागलं हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि योगायोग म्हणजे रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत ऑफिस उघडलं तेही त्याच वर्षी. ‘हिंदु पंच’ही ठाण्याचाच, त्याला १९०९ मध्ये इंग्रज सरकारच्या कारवाईमुळे बंद व्हावं लागलं. म्हणजे या गावाला स्वतःचा पेपर असण्याची सवय फार जुनी आहे. पण प्रेसनोट म्हटली की आपल्या डोळ्यासमोर सरकार यायचं. केंद्र सरकारची माहिती पेपरांना देणाऱ्या पीआयबीची सुरुवात १९१९ मध्ये सिमल्याला झाली, तिथपासून कलेक्टर ऑफिस, पुढे जिल्हा माहिती कार्यालय, महापालिका झाल्यावर तिचा जनसंपर्क विभाग, प्रेसनोटा काढायचे ते हेच लोक. नंतर पक्ष, मंडळं, नाट्यसंस्था, गणपतीवाले.

धंदेवाल्यांना त्याची गरजच नव्हती. १९६२ मध्ये एमआयडीसी झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, तिथले वर्कशॉपवाले मोठ्या कंपन्यांची जॉबवर्क करायचे, त्यांना ऑर्डर मिळायची ती परचेसवाल्याच्या ओळखीवर आणि मालाच्या क्वालिटीवर, पेपरात नाव येऊन लेथ मशीनला काम मिळत नाही. जांभळी नाक्यावरचे, गोखले रोडवरचे दुकानदार दिवाळीला कॅलेंडर वाटायचे, पिशवीवर नाव छापायचे, थिएटरात इंटरव्हलला स्लाइड दाखवायचे. नवी मुंबईची गोष्ट आणखी वेगळी, सिडको आली १९७० ला, महापालिका झाली १९९२ ला, माणसं कुठून कुठून येऊन राहिली, जुनी ओळख कुणाचीच नाही, त्यामुळे तिथे सकाळी पेपरात हँडबिल घालायचं आणि केबलच्या लोकल चॅनलवर खालून पट्टी फिरवायची हे दोन मार्ग चालले, आणि चांगले चालले.

छोट्या धंद्याची बातमी खरी यायला लागली ती लोकल पेपर वाढले तेव्हा. ठाणेवैभव १९७५ चा. मग मोठ्या पेपरांनी ठाण्याच्या वेगळ्या पुरवण्या काढल्या, लोकसत्ताचा ठाणे वृत्तान्त, मटाचं ठाणे प्लस, लोकमतचं हॅलो ठाणे, आणि ही पानं रोज भरायची असायची. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना आठवेल, लेटरहेडवर मजकूर, सोबत फोटोची प्रिंट, फोटोच्या मागे डावीकडून कोण कोण ते पेनने लिहिलेलं, आणि वार्ताहराच्या हातात नेऊन द्यायचं. मग फॅक्स आला. मग ईमेल आला आणि फॉन्टची भानगड सुरू झाली, तुम्ही श्रीलिपीत टाइप केलंय, समोरच्याकडे दुसराच फॉन्ट, उघडलं की नुसती चिन्हं, मग फॉन्टची फाइल सोबत जोडा नाहीतर परत फॅक्स करा. युनिकोड रुळलं तेव्हा कुठे हे संपलं. यात लोकांना त्रास होता खरा, पण एक होतं, देताना वार्ताहर समोर असायचा आणि तो तिथेच विचारायचा की यात बातमी काय आहे. दुकानाचं उद्घाटन ही बातमी नाही हे बऱ्याच जणांना तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याच दुकानदाराने अंध मुलांना मोफत संगणक शिकवायची बॅच काढली तर दोन कॉलम मिळायचे. आणि हेही खरंय की काही ठिकाणी बातमी लावतो पण वर्धापनदिनाच्या अंकाला जाहिरात द्या असं सांगितलं जायचं, आणि लोक द्यायचेही.

तिकडे अमेरिकेत १९९७ ला इंटरनेटवर रिलीज वाटणारं पीआरवेब निघालं आणि सगळं बदललं, कारण आता रिलीज संपादकाच्या टेबलावर न जाता सरळ इंटरनेटवर दिसायला लागली. वाचणारा पत्रकार नाही, गिऱ्हाईक, आणि त्याच्याही आधी सर्च इंजिन. मग लोकांनी रिलीजमध्ये कीवर्ड आणि वेबसाइटच्या लिंका कोंबायला सुरुवात केली, म्हणजे शंभर साइटवर तोच मजकूर, शंभर लिंका, गुगलवर वर येणार. छोट्या धंद्यांना प्रेस रिलीजचं वाटप विकलं गेलं ते खरं या एका मुद्द्यावर. मधला माणूस गेला की काय होतं ते नोव्हेंबर २०१२ ला दिसलं, आयकोआ नावाच्या एका छोट्या वायफाय कंपनीला गुगलने ४० कोटी डॉलरला घेतलं अशी रिलीज पीआरवेबवरून गेली, नामांकित न्यूज साइट्सनी बातमी उचलली, आणि सगळं साफ खोटं निघालं. २०१३ मध्ये गुगलने आपल्या नियमांत स्पष्टच लिहिलं की रिलीजमधून वाटलेल्या कीवर्डवाल्या लिंका अनैसर्गिक धरल्या जातील, आणि २०१४ मध्ये गुगलने सर्चच्या पद्धतीत बदल केला, त्या पांडा अपडेटनंतर रिलीज छापणाऱ्या मोठ्या साइटच सर्चमध्ये दणकून खाली गेल्या.

म्हणजे ज्या कारणासाठी हे पॅकेज विकलं जात होतं ते कारण दहा वर्षांपूर्वीच संपलंय. तरी आपल्याकडे विक्री वाढली, का, तर कारण बदललं. आता सांगतात इन्स्टाला ब्लू टिक मिळेल, विकिपीडियावर पान होईल. विकिपीडिया प्रेस रिलीजला स्वतंत्र संदर्भ मानत नाही. ब्लू टिकसाठी बातम्या लागायच्या तेव्हाही पैसे देऊन छापलेला मजकूर धरत नव्हते, आणि जून २०२३ पासून तर इन्स्टाची मालक कंपनी मेटा स्वतःच भारतात महिन्याच्या पैशांवर टिक विकायला लागली, तेव्हा भाव ६९९ रुपये होता. पोर्टलवर तुमची रिलीज येते ती वेगळ्या कप्प्यात, खाली ओळ असते की या मजकुराशी आमच्या संपादकीय विभागाचा संबंध नाही. होमपेजवरून तिथे पोचता येत नाही, फक्त लिंक असली तरच उघडते. एक फायदा मी मान्य करेन, नवीन गिऱ्हाईक नाव सर्च करतं तेव्हा काहीतरी दिसतं, पूर्ण कोरं नसतं. पण ते काम गुगलवरचं धंद्याचं मोफत प्रोफाइल आणि खऱ्या गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू जास्त चांगलं करतात.

आणि महाराष्ट्राला तरी हे नवीन असू नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी आपल्याच राज्यातून बाहेर काढलं, तोच मजकूर तीन पेपरांत शब्द न् शब्द सारखा. प्रेस कौन्सिलने समिती नेमली, २०१० मध्ये छोटा अहवाल आला आणि समितीचा पूर्ण अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. तेव्हा आपण पुढाऱ्यांना नावं ठेवली. शंभर साइटवर एकच मजकूर ही तीच गोष्ट आहे, फक्त छोटा माणूस स्वतःच्या कष्टाचे पैसे घालून करतोय आणि त्याला कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आज ठाण्यात काय चाललंय तर पुरवण्यांची पानं कमी झालीत, एकच वार्ताहर महापालिका पण बघतो, क्राइम पण बघतो, प्रेसनोटा त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. त्याला वेळ नाही, त्यामुळे युनिकोडमधला दीडशे-दोनशे शब्दांचा मजकूर, पहिल्या दोन ओळींत कोण, काय, कुठे, कधी, एक स्वच्छ फोटो आणि फोटोतल्या माणसांची नावं बरोबर, एवढं असेल तर फुकटात लागायची शक्यता अजून आहे, फक्त त्यात ठाणेकराच्या कामाचं काहीतरी हवं. लोकल यूट्यूब चॅनल आणि पोर्टल पण भरपूर झालीत, काही मनापासून काम करतात, काही सरळ रेट सांगतात. रेट सांगितला म्हणजे ती जाहिरात. जून २०२२ ला केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, जाहिरातवाल्यांनीच स्वतःवर नियम घालायला काढलेल्या एएससीआय या संस्थेने २०२१ पासून इन्फ्लुएन्सरना पैसे घेतले असतील तर तसं लेबल लावायला सांगितलंय. तेव्हा पैसे देणारच असाल तर मजकुरावर जाहिरात असं लिहायला सांगा आणि जीएसटीसकट पक्कं बिल मागा, म्हणजे निदान तुमच्या सीएला तो जाहिरात खर्चात तरी दाखवता येईल.