प्रतिभाताईंना शिवसेनेची मते : कारण फक्त ‘मराठी’ एवढेच?

२००७ च्या राष्ट्रपती निवडणुकीवेळी शिवसेना भाजपबरोबर आघाडीत होती आणि आघाडीची मते भैरोसिंह शेखावतांना जाणार होती. तरीही बाळासाहेब ठाकरे यांनी काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत असेल तर पक्ष आड येऊ नये, ही त्यांची भूमिका. सातारा जिल्ह्यात ती पटायला वेळ लागला नाही. यशवंतराव चव्हाण पंतप्रधान होऊ शकले नाहीत, ही सल कराडकरांच्या मनातून अजून गेलेली नाही.

पण हीच भूमिका १९६९ शी ताडून पाहायला हवी. डॉ. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतरच्या त्या निवडणुकीत खुद्द चिंतामणराव देशमुख उभे होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख! त्यांच्यामागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते. यशवंतराव तेव्हा साताऱ्याचे खासदार आणि देशाचे गृहमंत्री. काँग्रेसच्या संसदीय मंडळात त्यांनी नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले होते. रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार ठरले, पण पुढे इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाचा कौल मागितला, म्हणजे पक्षाचा उमेदवार न पाहता मनाला पटेल तसे मत द्या असे सांगितले, आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. इथल्या काँग्रेसमधला वाद रेड्डी की गिरी एवढाच राहिला आणि मराठी देशमुख तिसऱ्या क्रमांकावर गेले.

मग २००७ मध्ये मराठीपण एवढे निर्णायक कसे ठरले? मला वाटते, उत्तर त्याआधीच्या दोन वर्षांत आहे. २००५ मध्ये नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडले. मार्च २००६ मध्ये राज ठाकरे यांनी मनसे काढली. मराठीच्या मुद्द्यावर दुसरा दावेदार उभा राहिला होता. अशा वेळी मराठी उमेदवाराविरुद्ध मत देणे शिवसेनेला परवडणारे नव्हते. बाळासाहेबांची मराठीविषयीची तळमळ खरीच होती, पण तिला राजकीय निकडीचीही जोड होती.

दुसरा हेतू भाजपला आपले वेगळेपण दाखवण्याचा. १९९७ मध्ये भाजप के. आर. नारायणन यांच्या बाजूने असताना शिवसेनेने टी. एन. शेषन यांना उचलून धरले. २०१२ मध्ये भाजप पी. ए. संगमांबरोबर गेला, तर बाळासाहेब प्रणव मुखर्जींबरोबर. शेषन आणि मुखर्जी दोघेही मराठी नव्हते. राष्ट्रपती निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि सरकारही पडत नाही. मित्राला बजावण्याची याहून सोयीची संधी क्वचितच मिळते.

राष्ट्रपती निवडणुकीत आमदारही मतदान करतात आणि महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५. २००७ मध्ये पाटणचे शंभूराज देसाई शिवसेनेचे आमदार होते. म्हणजे हा निर्णय साताऱ्यातल्या एका मतालाही लागू होता.

२०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी महाविकास आघाडीत असूनही द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला, तेव्हा मात्र चित्र उलटे होते. पक्षाच्या खासदारांचाच तसा आग्रह होता, आणि पाटण, कोरेगाव, खानापूरचे आमदार आधीच एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले होते.