बोटांखालची मराठी: बडोदे आणि अंध वाचकांची पुस्तकं

बडोद्यात ग्रंथालयांचा विषय निघाला की सयाजीराव महाराजांपासूनच सुरुवात करावी लागते. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं वाया जाईल, हे ओळखून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची छोटी ग्रंथालयं, पेट्यांमधून खेड्यांत जाणारी फिरती पुस्तकं हे सगळं त्यातून उभं राहिलं. मांडवीच्या ग्रंथालयात तर मजल्यांना काचेच्या लाद्या बसवल्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचेल. वाचकाचा इतका बारीक विचार ज्या संस्थानात झाला, तिथेही पुस्तक म्हणजे डोळ्यांनी वाचायचं पुस्तकच होतं. यात बडोद्याला दोष देता येणार नाही. मराठी ब्रेलची, म्हणजे उठलेली टिंबं बोटांनी वाचायच्या लिपीची, सर्वमान्य पद्धतच तेव्हा देशात ठरलेली नव्हती.

लुई ब्रेलने आपली लिपी १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी तयार केली आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध केली. भारतात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी काढली. मुंबईत १९०० आणि १९०२ साली अशा शाळा सुरू झाल्या. पण देशी भाषांसाठी ब्रेल कशी बसवायची हे जो तो आपापल्या परीने ठरवत होता. एका पद्धतीत छापलेलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीत शिकलेल्या मुलाला वाचता येत नसे. मुळात पुस्तकं मोजकी, त्यात ही फाटाफूट. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून एकच ‘भारती ब्रेल’ मान्य झाली आणि तो गुंता सुटला.

बडोद्याच्या मराठी माणसाने या १९५१ च्या निर्णयाकडे जरा थांबून पाहावं असं मला वाटतं. ब्रेलचं एक घर सहा टिंबांचं असतं, दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबं. त्यातून ६३ खुणा निघतात. भारती ब्रेलमध्ये खूण उच्चाराला दिलेली आहे. पहिलं आणि तिसरं टिंब उठलं की तो ‘क’, मग पुस्तक मराठी असो की गुजराती. ‘मराठी’ हा शब्द पाच घरांत बसतो: म, र, आ, ठ, ई. काना-वेलांटी अक्षराला चिकटत नाही, स्वर व्यंजनानंतर आपल्या स्वतंत्र घरात येतो. दांडिया बाजारातल्या मराठी घरातल्या डोळस मुलाला शाळेसाठी गुजराती आणि घरच्या पुस्तकांसाठी देवनागरी अशा दोन लिप्या गिरवाव्या लागतात. त्याच घरातल्या अंध मुलाने गुजराती शाळेत ब्रेल शिकली की मराठी वाचण्याची लिपी त्याच्या बोटांत आलेलीच असते. ब्रेलच्या पाटीवर कागद लावून उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटायचा आणि उठलेली टिंबं डावीकडून उजवीकडे वाचायची. भाषा बदलली म्हणून यात काहीच नवं शिकावं लागत नाही.

अडतं ते पुस्तकाशी. इथल्या शाळेचं माध्यम गुजराती, म्हणून ब्रेल पाठ्यपुस्तकं गुजराती. मराठी ब्रेल छापलं जातं महाराष्ट्रात. शिवाय ब्रेलचा कागद जाड आणि अक्षर मोठं, त्यामुळे साध्या कादंबरीचेही दोन-तीन जाडजूड खंड होतात. टपाल खातं अंधांसाठीचं साहित्य ७ किलोपर्यंत विनामूल्य पोचवतं, ही सवलत बडोद्यासारख्या ठिकाणी फार मोलाची आहे. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक महाराष्ट्राबाहेरच्या वाचकालाही मागवता येतं, ते या सवलतीमुळेच. ध्वनिमुद्रित पुस्तकं आधी कॅसेटवर आली, मग सीडीवर, आता मोबाइलवर. वजनाचा प्रश्न त्यांनी मिटवला.

कायदा मात्र बराच काळ आडवा आला. प्रताधिकार (कॉपीराइट) असलेलं पुस्तक ब्रेलमध्ये किंवा आवाजात आणायचं तर प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागे, आणि पत्राला उत्तर आलं नाही की काम तिथेच थांबे. २०१२ च्या कायदादुरुस्तीने ही अट काढली. आता अपंग वाचकासाठी, नफा न घेता, कोणीही पुस्तक सुलभ रूपात आणू शकतं. पुढच्याच वर्षी, २७ जून २०१३ रोजी, माराकेश करार झाला, म्हणजे अंध वाचकांसाठी पुस्तकं सुलभ रूपात आणण्याची मुभा देणारा आंतरराष्ट्रीय करार. तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे आणि अशी पुस्तकं आता देशांच्या सीमा ओलांडून पाठवता येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. म्हणजे वाचक बडोद्यात राहतो की नागपुरात, याने आता काही बिघडायला नको.

तरी बिघडतं, कारण मराठी छपाईचा मोठा साठा जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक संगणकीय पद्धतीत, नाही. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एनव्हीडीएसारखं मोफत सॉफ्टवेअर तेच वाचतं आणि ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. अशा फाइली युनिकोडमध्ये आणल्यावर तपासण्याचं काम मी करते. रफार शेजारच्या अक्षरावर सरकलेला असतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच व्यंजनाला लागलेली असते, ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ झालेला असतो. डोळस वाचक अशा चुका नजरेआड करून पुढे जातो. कानाने वाचणाऱ्याचा मात्र प्रत्येक वेळी अर्थच तुटतो. प्रकाशकांनी पहिल्यापासून युनिकोडमध्ये अक्षरजुळणी केली तर ही सगळी मेहनत वाचेल.

बडोद्यापुरतं बोलायचं तर एक काम समोर आहे. सयाजीरावांच्या प्रोत्साहनाने निघालेल्या ‘श्री सयाजी साहित्यमाले’त अनेक मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाले. लेखक किंवा अनुवादक जाऊन ६० वर्षं उलटली की ग्रंथ प्रताधिकारातून मोकळा होतो, त्यामुळे यातले बरेच आता कोणालाही सुलभ करता येतील. नुसतं स्कॅन करून भागत नाही, कारण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातून मजकूर काढावा लागतो आणि मग मराठी जाणणाऱ्या माणसाने तो ओळीने तपासावा लागतो. इथल्या मराठी मंडळींनी हे काम वाटून घ्यावं. सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची ही पुस्तकं ‘नाहीं’, ‘घरांत’ अशी अनुस्वारांनी भरलेली आहेत, आणि यंत्र त्यातले बरेच अनुस्वार उच्चारतं. ऐकायच्या प्रतीत ते काढावेत आणि ब्रेल प्रतीत मूळचे तसेच ठेवावेत, असं माझं मत आहे.